‘फक्त प्रदर्शनासाठी’ असं खोक्यावर छापलंय, मग विकू का?

प्रश्न : माझं पुणे-सातारा रस्त्यावर गाड्यांच्या अॅक्सेसरीजचं दुकान आहे. सीट कव्हर, फूटमॅट, फॉगलॅम्प, बाइकचे आरसे असा माल. मागच्या महिन्यात आमच्या होलसेलवाल्याने नंबर प्लेट फिरवणाऱ्या यंत्राचे चार नग सॅम्पल म्हणून पाठवले. रिमोटचं बटण दाबलं की प्लेट उलटते. मागच्या बाजूला दुसरी प्लेट लावा, नाहीतर कोरी काळी पट्टी ठेवा. मार्जिन चांगलं आहे आणि विचारणाही होते, कारण ई-चलनाने लोक वैतागलेत. खोक्यावर ‘फक्त प्रदर्शनासाठी’ असं छापलंय. होलसेलवाला म्हणतो, आपल्याकडे यावर बंदीचा कायदाच नाही, अमेरिकेत तर हे सर्रास विकतात, आणि भीती वाटत असेल तर गिऱ्हाइकाकडून लिहून घ्या. खरं काय? दुसरी गोष्ट घरातली आहे. धाकटा भाऊ कॉलेजात आहे. त्याने माझ्याच दुकानातल्या मेकॅनिककडून बाइकला बिजागरीवर दुमडणारी प्लेट बसवून घेतली. बाइक माझ्या नावावर आहे. बोललो तर म्हणतो, “पाचशे रुपये दंड, त्यात काय एवढं?”
— एक दुकानदार, कात्रज

उत्तर : नमस्कार. तुमच्या होलसेलवाल्याचं एक म्हणणं अर्धं खरं आहे, एक शिळं झालंय आणि तिसरं तुम्हालाच गोत्यात आणणारं आहे. पण आधी उत्तर देऊन टाकते. ते चार नग विकू नका, आणि भावाच्या बाइकची बिजागरी आजच काढा, पण त्याआधी शेवटी दिलेला प्रश्न त्याला विचारा.

अर्धं खरं ते असं. ‘नंबर प्लेट फिरवणारं यंत्र’ हे नाव घेऊन बंदी घालणारं कलम आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. १९८८ साली तो कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात रिमोटवर उलटणारी पाटी येणं शक्यच नव्हतं. पण यंत्राचं नाव घ्यायची गरजच पडत नाही. कलम ३९ म्हणतं की गाडी नोंदलेली हवी आणि तिचा नोंदणी क्रमांक ठरवून दिलेल्या पद्धतीने गाडीवर लावलेला हवा, तरच ती रस्त्यावर आणता येते. ती पद्धत कोणती, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५० आणि ५१ मध्ये मिलिमीटरमध्ये दिलंय. कारच्या पाटीवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, रेघ १० मिलिमीटर जाड आणि दोन अक्षरांमधली जागाही १० मिलिमीटर. मोटरसायकलच्या मागच्या पाटीवरचा अंक ४० मिलिमीटर. ४१४१ चं ‘दादा’, २१४ चं ‘राम’ आणि ८०५५ चं इंग्रजी ‘बॉस’ करून मिरवणारी अख्खी पिढी या नियमाच्या नाकावर टिच्चून मोठी झाली. त्यामुळे नंबर प्लेट ही शोभेची वस्तू आहे असा आपला समज पक्का झालाय. तुमच्या भावाचं ‘त्यात काय एवढं’ तिथूनच येतं.

त्याचे पाचशे रुपयेही हवेतले नाहीत. कलम १७७ हे किरकोळ उल्लंघनांसाठीचं सर्वसाधारण कलम. पहिल्या वेळी पाचशेपर्यंत, पुन्हा केलं तर दीड हजारापर्यंत. अक्षरं वाकडीतिकडी असली, पाटीवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलं असलं की बहुतेकदा हेच लागतं. मात्र क्रमांक ठरलेल्या रीतीने दिसतच नसेल तर कलम ३९ चा भंग होतो, आणि त्याची शिक्षा कलम १९२ मध्ये आहे. पहिल्यांदा किमान दोन हजार, कमाल पाच हजार रुपये दंड. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच ते दहा हजार दंड, किंवा दोन्ही. कलम २०७ खाली पोलिस गाडी तिथल्या तिथे अडकवून ठेवू शकतात. शिवाय गाडीत परवानगी नसलेला फेरफार केला म्हणून मालकावर कलम १८२अ आणलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

यातला ‘मालक’ शब्द पुन्हा वाचा. बाइक तुमच्या नावावर आहे. कलम १९२ नुसतं चालवणाऱ्याला धरत नाही, अशी गाडी चालवू देणाऱ्यालाही धरतं. पत्र लिहिलंत त्याअर्थी तुम्हाला ठाऊक आहे. आजपासून ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव तुमच्याकडे उरलेला नाही.

आता मुख्य मुद्दा. पावसाळ्यात मुळशीहून आलेल्या गाडीची पाटी चिखलाने भरलेली असते. खिळा निघून पाटी लोंबकळते, जुन्या पाटीचा रंग उडतो. हवालदार थांबवतो, दोन शब्द ऐकवतो, पावती फाडतो किंवा सोडून देतो. तिथे हेतूचा प्रश्न येत नाही, आला तरी सिद्ध करणं अवघड. बिजागरीचं तसं नाही. बिजागरी चुकून बसत नाही. कुणीतरी भोकं पाडली, स्प्रिंग लावली, केबल हँडलपर्यंत आणली. रिमोटच्या यंत्राला तर मोटर असते, वायरिंग असतं. हेतू शोधायला पोलिसांना लांब जावं लागत नाही, तो गाडीलाच बोल्ट लावून बसवलेला असतो. म्हणून ‘एवढ्याशा वस्तूला एवढं काय’ हा हिशेब चुकतो. या एवढ्याशा वस्तूमुळे साधं वाहतुकीचं प्रकरण फौजदारी होऊ शकतं.

मागच्या बाजूला दुसरा नंबर लावला असेल तर ते झालंच म्हणून समजा. भारतीय न्याय संहितेत (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेला फौजदारी कायदा) ‘दस्तऐवज’ म्हणजे फक्त कागद नव्हे. कोणत्याही पदार्थावर अक्षरांनी, आकड्यांनी किंवा खुणांनी नोंदलेला मजकूर दस्तऐवजात मोडतो, मग तो अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर का असेना. बनावट नंबर प्लेटच्या गुन्ह्यांत पोलिस फसवणुकीचं कलम ३१८ आणि बनावटगिरीचं ३३६ लावतात ते याच आधारावर. साध्या बनावटगिरीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, फसवणुकीसाठी केलेल्या बनावटगिरीला सातपर्यंत.

आणि तो दुसरा नंबर मनाने रचलेला असला तरी बहुधा कुणाचा तरी निघतोच. मुंबईत रतन टाटांच्या गाडीच्या नावाने ई-चलनं यायला लागली. त्यांची गाडी त्या ठिकाणी गेलीच नव्हती. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा तोच नंबर दुसऱ्याच एका गाडीवर निघाला. अंकज्योतिषाच्या सल्ल्याने लावला म्हणे! २०२१ च्या जानेवारीत फसवणूक आणि बनावटगिरीचा गुन्हा दाखल झाला. टाटांकडे असल्या चलनांचा पाठपुरावा करायला माणसं होती. वाघोलीतल्या एखाद्या शिक्षिकेच्या स्कूटरचा नंबर कुणी उचलला तर तिला रजा टाकून चौकीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तुमच्या गिऱ्हाइकांत अशी कुणी असेल तर तिला सांगा की चलनावरचा फोटो डाउनलोड करून ठेव, गाडीचं मॉडेल, रंग, आरसे, ओरखडे यांतला फरक दाखवून चलनावर ऑनलाइन हरकत घे, आणि पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घे. नुसतं चलन भरून मोकळं होऊ नये. तो नंबर उद्या कशात वापरला जाईल ते सांगता येत नाही.

भावाला हे सगळं सांगूनही तो ‘पकडले तर बघू’ म्हणेल. त्या वयात कलमांचे आकडे कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. त्याला हिट अँड रनच्या भरपाईचा हिशेब सांगा.

रस्त्यावर कुणाला गाडीने उडवलं आणि गाडीचा नंबर मिळाला, तर जखमी माणूस किंवा मयताच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. तिथे वय, कमाई, मागे असलेली माणसं हे सगळं धरून भरपाई ठरते आणि विमा कंपनी ती देते. तिशीतला कमावता माणूस गेला असेल तर ही रक्कम सहज काही लाखांत, कधी त्याहून पुष्कळ वर जाते. नंबर मिळालाच नाही तर? तर सरकारच्या हिट अँड रन योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार, एवढंच. हे आकडे १ एप्रिल २०२२ पासूनचे आहेत, त्याआधी पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. त्यासाठीही प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज, पोलिसांचे कागद, शवविच्छेदनाचा अहवाल हे सगळं गोळा करावं लागतं. म्हणजे मागून वाचता येणारे ते चार आकडे म्हणजे समोरच्या घराचं पोट आहे. साक्षीदाराने नंबर नीट पाहिला की नाही, यावर त्या घरातल्या पोरांचं शिक्षण अवलंबून असतं. अपघाताच्या क्षणी बाइकवर बसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला भीती वाटते, पळून जावंसं वाटतं. हाताशी केबल असेल तर तो ती ओढणार नाही याची खात्री तुम्ही देऊ शकता का? मला तरी देता येणार नाही, आणि तुमचा भाऊ वाईट मुलगा आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न, म्हणजे विक्रीचा.

गिऱ्हाइकाकडून लिहून घेण्याचा सल्ला होलसेलवाल्याने दिला, तो तुमच्यासाठी सगळ्यात घातक आहे. ‘मी हे रस्त्यावर वापरणार नाही’ असं तुम्ही लिहून घेता याचा अर्थ, हे रस्त्यावर वापरतील याची तुम्हाला कल्पना आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर ते सहीशिक्क्यासह! न्याय संहितेत अपप्रेरणेची, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देण्याची, व्याख्या कलम ४५ मध्ये आहे. गुन्हा करायला जाणूनबुजून मदत करणं त्यात येतं, आणि ती मदत गुन्ह्याच्या आधी केलेली असली तरी चालते. नुसती वस्तू विकली म्हणून कुणी गुन्ह्याला साथ देणारा ठरत नाही, हे खरं. सुरी विकणाऱ्याला कुणी धरत नाही, कारण सुरीने कांदाही चिरतात. नंबर प्लेट उलटवणाऱ्या यंत्राचा कांदा कोणता, ते मला सांगा. गाड्यांच्या प्रदर्शनात ठेवायला? कात्रजच्या आसपास गाड्यांची किती प्रदर्शनं भरतात? न्यायालयातही तुम्हाला हाच प्रश्न विचारला जाईल, आणि त्या वेळी खोका तुमच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहणार नाही. होलसेलवालाही काखा वर करून मोकळा होईल. माल पक्क्या बिलावर आला होता का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. माझा अंदाज मी मनातच ठेवते.

दुसरा रस्ता ग्राहक कायद्याचा आहे आणि त्याकडे दुकानदार सहसा बघत नाहीत. सीट बेल्ट न लावता नुसती अलार्मची पिपाणी बंद पाडणारी क्लिप आठवते? बकलच्या खाचेत खुपसायची ती. तुमच्याकडेही कधीकाळी लटकलेली असेल. तिच्यावरही नाव घेऊन बंदी घालणारा कायदा नव्हता. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या मे महिन्यात पाच मोठ्या ऑनलाइन बाजारांविरुद्ध आदेश काढले आणि या क्लिपांच्या तेरा हजारांहून जास्त नोंदी तिथून काढून टाकायला लागल्या. बाटली उघडायचं ओपनर, सिगारेट लायटर अशा नावांखालीही त्या क्लिपा विकल्या जात होत्या. म्हणजे ‘फक्त प्रदर्शनासाठी’चा मोठा भाऊच. नंबर झाकणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत उद्या असंच होऊ शकतं. तेव्हा ऑनलाइनवाले एक बटण दाबून नोंद काढतील. तुमचा माल मात्र फडताळात पडून राहील आणि बिलबुकात तुमचं नाव असेल.

अमेरिकेचं म्हणाल तर होलसेलवाला जुन्या बातमीवर धंदा करतोय. तिकडे ही यंत्रं पसरली ती मुख्यतः टोल चुकवायला, कारण अनेक ठिकाणी टोलनाकाच नसतो. कॅमेरा पाटीचा फोटो घेतो आणि बिल घरी येतं. त्यामुळे एकेका राज्याने थेट यंत्रालाच हात घातला. टेनेसीने १ जुलै २०२४ पासून ते बाळगणं हाच गुन्हा केला. फ्लोरिडात १ ऑक्टोबर २०२५ पासून असं यंत्र विकत घेणाऱ्याला किंवा जवळ ठेवणाऱ्याला साठ दिवसांपर्यंत तुरुंगवास आणि पाचशे डॉलरपर्यंत दंड आहे. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत. गुन्हा करताना किंवा पळताना वापरलं तर पाच वर्षांपर्यंत. बघा, विकणाऱ्याची शिक्षा नुसतं जवळ ठेवणाऱ्यापेक्षा जास्त ठेवली आहे. मला ते पटतं.

गिऱ्हाइकांच्या रागाबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूची आहे, निदान निम्मी. ई-चलनाबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. फोटोत गाडी धड दिसत नाही, पार्किंगचं एकच चलन दोनदा येतं, कधी कधी महिन्यांनी कळतं. २०२५ च्या जुलैत राज्यातल्या माल वाहतूकदारांनी याच प्रश्नावर संप केला. पण नियम गिऱ्हाइकाच्याही हातात आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७अ आला. त्यानुसार कॅमेऱ्याच्या यंत्रणेला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण हवं, कॅमेरा आहे हे सांगणारा फलक ठळक जागी हवा, फोटोत नंबर, तारीख, वेळ, जागा दिसायला हवी आणि ठरलेल्या मुदतीत नोटीस पाठवायला हवी. यातलं काही चुकलं असेल तर हरकत घ्या, लोकअदालतीत जा. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून वाहतुकीची नवी कॅमेरा यंत्रणा सुरू आहे, आणि चारचाकीवाल्यांना तर पाटी उलटवूनही उपयोग नाही. काचेवरचा फास्टॅग टोलनाक्यावर गाडीचा हिशेब लिहून ठेवतच असतो.

तुमच्या दुकानातल्या इतर मालाकडेही एकदा या नजरेने बघा. नंबर प्लेटवर लावायची काळपट अॅक्रिलिकची काच काढून टाका, ती पाटीची चमक मारते आणि त्या पाटीला परावर्तक थर दिलाय तोच मुळी रात्री वाचता यावी म्हणून. टेल टायडी, म्हणजे बाइकच्या मागच्या मडगार्डाऐवजी पाटी धरणारी आखूड पट्टी, विकत असाल तर पाटी सीटखाली आडवी न होता मागून सरळ वाचता येते का, ते बसवून बघा. ‘आयएनडी’चं निळं स्टिकर लावून उच्च सुरक्षा पाटीची (एचएसआरपी) नक्कल करून देणारे रस्त्यारस्त्यावर बसलेत, त्या फंदात पडू नका. खऱ्या पाटीवर क्रोमियमचं अशोकचक्र असतं, लेझरने कोरलेला दहा आकडी क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या लॉकने लागते. जुन्या गाड्यांना ती राज्याने नेमलेल्या संस्थांकडूनच घ्यावी लागते. जुन्या गाड्यांसाठीचा दर दुचाकीला ४५० आणि कारला ७४५ रुपये, अधिक जीएसटी. ऑनलाइन फॉर्म भरायला अडणारे पुष्कळ जण तुमच्याकडेच येत असतील. नोंदणी करून देण्याचे थोडे पैसे घेतलेत तर त्यात गैर काही नाही, मात्र सरकारी दर वेगळा आणि तुमची मजुरी वेगळी अशी पावती द्या.

मेकॅनिकला स्पष्ट बजावा. त्याने तुमच्या दुकानात, तुमच्या ड्रिलने हे काम केलं. उद्या दुसऱ्या कुणाच्या बाइकला अशीच बिजागरी सापडली आणि त्याने दुकानाचं नाव सांगितलं तर ‘तो फावल्या वेळात करतो’ हे कुणी ऐकणार नाही.

बिजागरी काढण्याआधी एक गोष्ट भावाला शांतपणे, घरात, आईवडिलांसमोर नव्हे तर एकट्याला विचारा: ती प्लेट दुमडलेली असताना कुठे धडक झाली का, कुणी पडलं का, पोलिसांनी थांबवलं आणि तो पळाला का? ‘नाही’ म्हणाला तर पाना घ्या, पाटी सरळ करून पक्की बसवा आणि पत्र्याला भोकं पडली असतील तर नवीन पाटीसाठी अर्ज करा. ‘हो’ म्हणाला, तर पान्याला हात लावू नका. बाइक आहे तशी ठेवा आणि आधी फौजदारी काम करणारा वकील गाठा. घाबरून पुरावा नाहीसा केला तर तो वेगळा गुन्हा होतो, न्याय संहितेचं कलम २३८, आणि तो मग भावाच्या नव्हे, पाना ज्याच्या हातात असेल त्याच्या नावावर लागतो.

होलसेलवाल्याला फोनवर नकार देऊ नका. व्हॉट्सअॅपवर लिहा की हा माल मागवला नव्हता, विकणार नाही, परत पाठवतोय. चारही नगांचे फोटो काढा, कुरियरची पावती जपून ठेवा, आणि त्याने उलट काही लिहिलं तर ते डिलीट करू नका.